काचेच्या पेटीतला दांडगट

शिंदखेड्याहून समुद्र दूर आहे. गावाजवळून बुराई नदी वाहते, उत्तरेला तापी आहे. पण दोन्ही नद्यांचे पाणी गोडे. इथे कोणाला समुद्रातले मासे पाळायचे असतील, तर समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १०० लिटरच्या पेटीला साडेतीन किलो! स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचेही क्षार असतात. त्यासाठी तयार मिश्रण विकत मिळते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्यासमोर समुद्रच होता.

एवढा खटाटोप करून पेटी सजते आणि तिच्यात एखादा दांडगट निघतो. बहुधा तो डॅमसेल जातीचा मासा असतो. जेमतेम बोटाएवढा, रंगाने सुंदर निळा. पण समुद्रात त्याला खडकातली आपली जागा राखायची सवय असते. इथे तो सगळी पेटीच आपली समजतो. दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जातो, त्याचे पर कुरतडतो. तो बिचारा कोपऱ्यात लपून बसतो. खायलाही बाहेर येत नाही. असेच चालू राहिले तर तो मरतो. म्हणून दांडगटाला पकडावेच लागते.

जाळी बुडवली की झाले, असे तुम्हांला वाटेल. पण माशाच्या दोन्ही अंगांना एक रेघ असते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाणी जरा हलले तरी ते तिच्यामुळे माशाला कळते. जाळी पाण्यात सावकाश सरकते. तोवर मासा दगडाच्या फटीत शिरलेला असतो. घाई करणारा माणूस दगड पाडतो, पाणी गढूळ करतो आणि दांडगट सोडून बाकीच्या सगळ्या माशांना घाबरवतो!

त्यापेक्षा बाटलीचा सापळा बरा. ओढ्यात मासे धरायला बांबूच्या कामट्यांची टोपली ठेवतात, ती तुम्ही पाहिली असेल. तिचे तोंड आतल्या बाजूला निमुळते असते. मासा सहज आत जातो, पण बाहेरची वाट त्याला सापडत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवला की तसाच सापळा तयार होतो. मासा जाईल एवढे तोंड रुंद करावे. कापलेल्या कडा घासून घ्याव्यात, नाहीतर माशाला इजा होते. बाटलीला बारीक भोके पाडावीत, आत दोनचार स्वच्छ खडे टाकावेत आणि दोरी बांधावी.

पहिले काही दिवस उलटे तोंड न बसवता नुसती बाटलीच पेटीत ठेवावी आणि खाद्य तिच्यातच टाकावे. मासे तिला सरावतात. मग एक दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी मोठा मासा एका दिवसाच्या उपाशाने मरत नाही. दुसऱ्या दिवशी तोंड बसवून आत खाद्य ठेवावे. सर्वांत आधी कोण येतो? जो सर्वांना हाकलतो तोच! तो आत गेला की दोरी हळूच वर ओढावी.

पकडलेला मासा बुराईत सोडू नये. गोडे पाणी त्याच्या अंगात शिरत राहते आणि तो मरतो. त्याला खाऱ्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवावे. इकडे पेटीतले दगड हलवून त्यांची मांडणी बदलावी. काही दिवसांनी त्याला परत सोडले, तर त्याची जुनी जागा त्याला सापडत नाही. तोवर इतर मासे आपापल्या फटींत स्थिरावलेले असतात. तरीही तो मारामारी करू लागला, तर त्याला वेगळी पेटी द्यावी.