खडकीचा धनराज आणि त्याच्या आधीच्या दोघी

शिरूर तालुक्यातल्या इनामगावासारख्या गावात खेळ म्हटलं की आधी आठवतो जत्रेतला कुस्तीचा फड, मग कबड्डी. पुण्याच्या पेठांनी क्रिकेट आणि खो-खो जपला. याच जिल्ह्यात हॉकीही जोमात होती. पण ती लष्करी छावणीच्या, कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या आधाराने वाढली. त्यामुळे तिचे हिरो पेठांना जरा उशिराच कळले.

धनराज पिल्ले त्यातलं सगळ्यात मोठं नाव. १६ जुलै १९६८ ला पुण्याच्या खडकीत जन्म. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. घर तमिळ, पण पोरगा अस्सल खडकीचा. नवी स्टिक परवडायची नाही, म्हणून भावंडं मोडक्या स्टिकना दोरी गुंडाळून खेळायची. मैदान मऊ मातीचं. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारावा लागतो. डावीकडून उजवीकडे चेंडू ओढायचा, तर पळता पळता मनगट फिरवून स्टिक उलटी करायची. उसळत्या मातीवर हे जमवलेल्या पोराला पुढे सपाट कृत्रिम गवतावर कोण अडवणार? बनारसचा मोहम्मद शाहिद हे त्याचं दैवत. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळायचा, त्याच्या मागे धनराजही मुंबईला गेला. तिथे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तो तयार झाला.

पण पुण्याच्या हॉकीचा हिशेब धनराजपासून मांडला, तर तो अर्धाच होईल. १९८० मध्ये मॉस्कोत महिला हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा भारताच्या संघात पुण्याच्या दोघी होत्या : रेखा मुंडफन (लग्नानंतर भिडे) आणि एलायझा नेल्सन. सहाच संघ उतरले होते. त्यात भारत चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं. दोन वर्षांनी दिल्लीच्या एशियाडमध्ये एलायझाच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत पुरुषांचा संघ अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७ असा चेचला गेला. लोकांच्या लक्षात राहिला तो पराभव; मुलींचं सोनं बाजूला पडलं. हा सरळसरळ अन्याय होता.

धनराजच्या वाट्याला सोनं आणि अन्याय, दोन्ही आलं. १९८९ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड. १९९८ साली बँकॉकला त्याच्या कप्तानीत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवलं. गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि ३२ वर्षांनी पुरुष हॉकीतलं एशियाडचं सुवर्ण परत आलं. बक्षीस काय मिळालं? पुढच्याच पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कप्तानाला वगळलं. कारण सांगितलं, ‘विश्रांती’! जिभेला हाड नसलेला हा माणूस पदाधिकाऱ्यांना आधीच खुपत होता. त्याने एकूण किती गोल केले, हेही नक्की सांगता येत नाही. हॉकी फेडरेशनने अधिकृत नोंदच ठेवली नाही.

सिडनीत २००० साली पोलंडने अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. धनराज ढसाढसा रडला. चार वर्षांनी अथेन्समध्ये, शेवटच्या ऑलिंपिकच्या शेवटच्या सामन्यात, त्याला मैदानात उतरवलं ते एक मिनिटही उरलं नसताना.

ऑलिंपिक पदक त्याला मिळालं नाही. तरी नव्वदच्या दशकात हॉकी पाहिलेल्या मराठी माणसाला आवडता खेळाडू विचारा, दुसरं नाव क्वचितच येईल. आणि खडकीची हॉकी त्याच्यापाशी थांबली नाही. अथेन्सच्या त्या संघात खडकीचा आणखी एक खेळाडू होता : विक्रम पिल्ले.