महाग प्रोसेसर घेण्यापूर्वी

मुलगा किंवा मुलगी स्वतः कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हणते आणि यादीत सर्वांत महागडा प्रोसेसर लिहिते, तेव्हा पालकांनी एकदम नाही म्हणू नये. तो कोणत्या कामासाठी हवा, एवढे मात्र जरूर विचारावे.

गेमसाठी हवा असेल तर एएमडीचा 2024 साली आलेला रायझन 7 9800 एक्स 3 डी पाहा. त्यात कोअर फक्त 8. पण एल 3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असणारी झटपट मेमरी, 96 एमबी आहे. गेमला तीच उपयोगी पडते. त्याच वर्षी आलेला रायझन 9 9950 एक्स 16 कोअरचा व अधिक किमतीचा, तरी बहुतेक गेममध्ये मागे राहतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी चित्रांचे काम मात्र सर्व कोअरमध्ये वाटले जाते. तिथे त्याचे पैसे वसूल होतात. टॅली किंवा प्रोग्रॅमिंग शिकायला या दोहोंचीही गरज नाही.

खर्च इथेच संपत नाही. या दोन्ही प्रोसेसरांसोबत कूलर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. मदरबोर्डही एएम 5 सॉकेटचाच लागतो.

जुना माल घेताना सावध राहावे. इंटेलच्या 13व्या व 14व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होतो, हे कंपनीने 2024 मध्ये मान्य केले आणि वॉरंटी 3 वरून 5 वर्षे केली. बायोस अपडेटने पुढचा धोका टळतो, झालेली इजा भरून येत नाही. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि ते जपून ठेवावे.