तुमची माहिती, मित्राच्या हाती

एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकनं भारतापुरते दोन आकडे जाहीर केले. व्यक्तिमत्त्व चाचणी घेणारं एक अ‍ॅप इथल्या ३३५ जणांनी घेतलं होतं. त्या ३३५ जणांमुळे ज्यांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीपर्यंत गेली असू शकते, अशा भारतीयांची संख्या मात्र ५ लाख ६२ हजारांवर होती. त्या काळी फेसबुकवर एखाद्या अ‍ॅपला परवानगी दिली की ते परवानगी देणाऱ्याच्या मित्रयादीतही शिरू शकत असे. या लाखो लोकांनी ना चाचणी दिली होती, ना कुठे ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं होतं. ते फक्त कुणाचे तरी मित्र होते.

किशोरवयीन मुलांना डिजिटल सवयी शिकवताना ही गोष्ट सहसा राहून जाते. पासवर्ड सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो टाकताना विचार करा, या सूचना योग्यच आहेत. पण त्या एकेकट्या मुलाला उद्देशून असतात. त्याची माहिती मात्र वर्गातल्या पन्नास जणांच्या फोनमध्ये विखुरलेली असते: कुणाच्या संपर्कयादीत, कुणाच्या ग्रुप फोटोत, कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये.

महाराष्ट्रातल्या मुलांना हे पटवायला केंब्रिजपर्यंत जायची गरज नाही. दहावीचा निकाल ऑनलाइन पाहताना दोन गोष्टी भराव्या लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. वर्गात आपल्या पुढेमागे कुणाचा नंबर आहे हे मुलांना ठाऊक असतं, आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईचं नावही. निकालाच्या दुपारी मुलं एकमेकांचे गुण परस्पर पाहून मोकळी होतात. ज्या माहितीला आपण कुलूप समजतो ती किती जणांना आधीच माहीत असते, यावर चर्चा सुरू करायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या सोनिया लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलांशी बोलून २०१९ मध्ये एक मांडणी केली. तिच्यात माहितीचे तीन प्रकार आहेत. एक, आपण स्वतः दिलेली: नाव, फोटो, वाढदिवस. दुसरी, वापरताना मागे राहणारी: कुठे होतो, किती वाजता फोन उघडला, कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो. तिसरी, या दोन्हींवरून यंत्रानं काढलेला अंदाज. पहिल्या प्रकाराबद्दल मुलं सावध असतात. दुसरा आणि तिसरा त्यांना सहसा दिसतच नाही.

ते दोन्ही दाखवता मात्र येतात, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला इथे खरं काम आहे. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी एका युरोपीय देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावं आणि नंबर काढून टाकलेले होते. उरलं होतं ते फक्त कोणता फोन कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ होता एवढंच. ठिकाण आणि वेळ यांच्या अवघ्या चार जोड्या हाताशी असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखू येत होते. घर, शाळा, क्लास, मैदान. दहावीतल्या मुलाच्या आठवड्यात चार जोड्या भरायला सोमवारही पुरतो.

त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या मिखाल कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे ‘लाइक’ अभ्यासले. निव्वळ लाइकवरून माणसाचा राजकीय कल, धर्म, लैंगिक कल, अगदी व्यसनाची शक्यताही बऱ्यापैकी ओळखता येत होती. ज्या लाइकवरून अंदाज निघत होता, त्याचा त्या गुणाशी वरवर काही संबंधही दिसत नसे. मुलगी एखाद्या विषयावर कितीही गप्प राहिली, तरी तिच्यासारखंच लाइक करणाऱ्या हजारो बोलक्या लोकांवरून तिच्याबद्दल तर्क बांधला जातो.

वर्गात करून पाहण्याजोगं बरंच आहे. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी आहे ते पाहायचं, आणि प्रत्येक नावापुढे ‘का?’ विचारायचं. नकाशाच्या अ‍ॅपला ती लागणारच. टॉर्चला कशाला? २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली ती एका टॉर्च अ‍ॅपच्या निर्मात्यावरच. ते अ‍ॅप वापरणाऱ्यांचं ठिकाण जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. मग स्वतःच काढलेल्या एखाद्या फोटोचे तपशील उघडायचे. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर तिथे नकाशावर नेमकी जागा दिसते, आणि अनेकदा ती जागा घर असते. ‘घरचा पत्ता टाकू नका’ हे वाक्य शंभरदा ऐकून जे होत नाही, ते या एका नकाशानं होतं.

मुलांना खासगीपणाची पर्वाच नसते, हा मोठ्यांचा आवडता समज चुकीचा आहे. अमेरिकी संशोधक डॅना बॉइड यांनी अनेक वर्षं किशोरांशी बोलून दाखवून दिलं, की मुलं उघड्यावर राहूनही लपू शकतात. एका मुलीनं मन खिन्न असताना गाण्याची अशी ओळ टाकली, की आईला ती आनंदी वाटावी आणि मैत्रिणींना खरी गोष्ट कळावी. आईवडील, शिक्षक, नातेवाईक यांच्यापासून काय लपवायचं याचं मुलांचं भान पक्कं असतं. पलीकडे बसलेली कंपनी त्यांना माणूस वाटत नाही, म्हणून ती हिशेबात येत नाही. शिक्षणाचं काम या भानाची दिशा वाढवण्याचं आहे, आणि त्यासाठी आधी ते भान मुलांकडे आहे हे मान्य करावं लागतं. मुलीच्या नकळत तिचे मेसेज वाचणाऱ्या घरात खासगीपणाचे धडे कोण ऐकणार?

या वयात मित्रांच्या नजरेचं वजन किती असतं, हे मेंदूच्या चित्रणातही दिसलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना स्कॅनरमध्ये इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले. लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवले होते. मुलांना ते इतर किशोरांचे वाटत होते. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग अधिक सक्रिय होई, आणि ज्या फोटोला आधीच जास्त लाइक तोच मुलं पुन्हा लाइक करत. फक्त ३२ जणांचा प्रयोग आहे, त्याच्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण बरोबरीच्यांचा कौल एवढा ओढत असेल, तर तीच ओढ चांगल्या सवयीच्या बाजूनं का वापरू नये?

तसा प्रयत्न झालेला आहे, आधी खाण्याबाबत. टेक्सासमध्ये ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांना आरोग्याचा उपदेश केला नाही. खाद्यकंपन्या चटक लागावी म्हणून पदार्थ कसे घडवतात आणि लहान मुलांना कसं हेरतात, हे त्यांनी मुलांपुढे ठेवलं. नेहमीचा आरोग्याचा पाठ वाचलेल्यांपेक्षा या मुलांची निवड दुसऱ्या दिवशी अधिक चांगली होती. कुणी आपल्याला खेळवतंय हे त्या वयात सहन होत नाही. ब्रायन गल्ला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हीच रीत सोशल मीडियासाठी वापरली, तेव्हा वापराला लगाम घालण्याची मुलांची इच्छा वाढलेली दिसली. इच्छा म्हणजे सवय नव्हे, हे खरं. पण नुसत्या दटावणीनं इच्छाही होत नाही. अखंड सरकत राहणारं पान २००६ मध्ये घडवणारे एझा रास्किन पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त करत आले आहेत. ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. थांबता येत नाही यात सगळा दोष त्यांच्या मनोनिग्रहाचा नाही.

मोठ्यांच्या व्यवस्थेचा दोष किती, हेही सांगायला हवं. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२२ मध्ये ४९ देशांतली शिक्षणाची ऑनलाइन साधनं तपासली. त्यांपैकी ८९ टक्के साधनं मुलांच्या माहितीशी धोकादायक रीतीनं वागत असल्याचं त्यात आढळलं. मुलांचं नेमकं ठिकाण टिपू शकणारं आपलं सरकारी ‘दीक्षा’ अ‍ॅपही त्यात होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई करतो, पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांबाबतची कर्तव्यं मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवतो. कायदा चांगला आहे. पण घरातल्या फोनची सेटिंग आईबाबांना मुलगाच लावून देत असेल, तर पालकांच्या संमतीत नेमकं कोण बोलतं?

मुलांचं ज्ञानही अर्धंच आहे. ‘असर २०२४’ हे सर्वेक्षण ग्रामीण भारतातलं. त्यात सोशल मीडिया वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं, ५५ टक्क्यांना ते खासगी करता येत होतं. बाकीचेही त्याच ग्रुपमध्ये असतात, आणि त्यांच्या उघड्या प्रोफाइलवर इतरांचेही फोटो असतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं हा सोबतीचा मुद्दा फार आधी ओळखला. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेही. एकट्या मुलानं फोन ठेवला तर ग्रुपवर काय चाललंय याची हुरहुर त्याला लागते. सगळ्यांनीच ठेवला तर ग्रुपवर काही चालतच नाही.

आणि प्रसंग ओढवलाच तर? एखाद्या मुलीचा खासगी फोटो पसरू लागला, की तिच्या मनात पहिली भीती असते ती घरच्यांची, फोन काढून घेतला जाण्याची. म्हणून ती बहुधा मैत्रिणीला सांगते. काय करायचं ते या मैत्रिणीला माहीत असायला हवं. मुलांची मदतवाहिनी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांची १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक छायाचित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तिच्यात फोटो कुठेच पाठवावा लागत नाही. फोनवरच त्यापासून अंकाक्षरांचा एक ठसा बनतो आणि फक्त तो ठसा सेवेत सहभागी कंपन्यांकडे जातो. त्यावरून त्या आपापल्या मंचांवरचा तोच फोटो शोधून काढू शकतात. ज्यांच्या ग्रुपवर असा फोटो आला त्यांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार असं चित्र पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, आणि पाठवणारा तिचा वर्गमित्र असला तरी तो गुन्हाच राहतो.