लेन्सची खरेदी : आधी हिशेब, मग पसंती

घरात पहिला डीएसएलआर कॅमेरा येतो, तेव्हा त्याच्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरची एक लहान लेन्स असते. तिला किट लेन्स म्हणतात. ती हलकी व स्वस्त असते आणि भर उजेडात काढलेल्या छायाचित्रांत तिच्याविषयी तक्रारीला फारशी जागा नसते. परंतु वर्ष-दोन वर्षांत तिच्या मर्यादा जाणवू लागतात. लग्नमंडपात मागच्या रांगेतून वधूवरांचे चेहरे जवळ येत नाहीत. सायंकाळी दिवाणखान्यात आजोबांच्या मांडीवरील नातवंड हलते आणि छायाचित्र पुसट येते. असे प्रसंग पुन्हा येत नाहीत. मग ‘सर्व कामांना चालेल अशी एकच चांगली लेन्स’ घेण्याचा विचार सुरू होतो, आणि पुष्कळदा दुकानात जी दाखवली जाईल तीच घरी येते.

सर्व कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारी लेन्स अद्याप कोणी बनवलेली नाही. प्रत्येक लेन्समध्ये कशाच्या तरी बदल्यात काहीतरी सोडलेले असते. आपल्याला काय सोडणे परवडेल, हे खरेदीपूर्वी ठरवता येते. त्याची साधने घरातच असतात.

जुन्या नोंदी काय सांगतात

डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, शटरचा वेग, ॲपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ यांची नोंद ठेवतो. संगणकावर फाईलची माहिती उघडली की ती दिसते. मागील वर्षातील दोनशे छायाचित्रे निवडावीत आणि कागदावर तीन रकाने आखावेत : १८ मिमीवर घेतलेली, ५५ मिमीवर घेतलेली आणि मधल्या अंतरांवरील. जी हललेली वा काळोखी आली, त्यांच्यापुढे वेगळी खूण करावी.

हा तक्ता वाचताना व्यापाऱ्याची दृष्टी उपयोगी पडते. जो माल दुकानात ठेवलाच नाही, त्याची विक्री वहीत दिसत नाही. त्याचप्रमाणे १८ च्या अलीकडील आणि ५५ च्या पलीकडील गरज या नोंदींत थेट दिसणार नाही; ती दोन्ही टोकांच्या रकान्यांत दाटलेली दिसेल. ५५ च्या रकान्यात गर्दी असेल आणि त्यातील अनेक छायाचित्रे नंतर कापून मोठी केलेली असतील, तर लांबचा पल्ला हवा आहे. १८ च्या रकान्यात भिंतीला पाठ टेकवून घेतलेली सामूहिक छायाचित्रे अधिक असतील, तर रुंद कोन हवा आहे. दोन पावले पुढे गेल्याने काम भागले असते, अशी छायाचित्रे मात्र या हिशेबातून वगळावीत.

प्रकाशाचे गणित

खुणा केलेली छायाचित्रे अधिक असतील, तर गरज पल्ल्याची नसून प्रकाशाची आहे. ५५ मिमीवर किट लेन्सचे ॲपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/२.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते. म्हणजे जेथे १/३० सेकंद लागत होता, तेथे १/१२० सेकंद पुरतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेथे हा फरक लगेच कळतो. ‘स्टॅबिलायझेशन’ची सोय हाताचा कंप सावरते, पण हलणाऱ्या मुलाला ती स्थिर करू शकत नाही.

तीन मार्ग

पल्ला हवा असणाऱ्यांसाठी कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० ही सरळ निवड आहे. प्रवासात लेन्स बदलावी लागत नाही. मात्र अंधारातील अडचण किट लेन्सइतकीच राहते. प्रकाश हवा असणाऱ्यांसाठी सिग्माची १७-५० एफ/२.८ आहे. तिचा पल्ला किट लेन्सहून किंचित कमीच, आणि किट लेन्स सुमारे दोनशे ग्रॅमची असताना हिचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे जाते. दोन्हींच्या मध्ये सिग्माची १७-७० एफ/२.८-४ बसते. थोडा अधिक पल्ला, लांबच्या टोकाला किट लेन्सच्या दुप्पट प्रकाश आणि लहान वस्तूंची जवळून छायाचित्रे घेण्याची सोय, असा तिचा मेळ आहे. दागिने वा कापडाच्या नमुन्यांची छायाचित्रे काढणाऱ्या घरांना तिचा विशेष उपयोग होतो. रुंद कोनाची गरज मोठी असल्यास कॅननची १५-८५ आणि निकॉनची १६-८० यांचाही विचार करावा.

व्यवहार करताना

लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चालेल ना, हे प्रथम पाहावे. निकॉनच्या डी३५०० वा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. लेन्समध्येही ती नसेल, तर फोकस हाताने करावा लागतो. कॅननची नवी आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. लवकरच फुल-फ्रेम कॅमेरा घेण्याचा विचार असेल, तर वरील लेन्स त्यासाठी बनवलेल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

शक्य असल्यास लेन्स दोन दिवस भाड्याने आणून घरच्याच एखाद्या कार्यक्रमात वापरून पाहावी. नवी घेताना अनुक्रमांक नोंदवलेले पक्के जीएसटी बिल आणि भारतातील वॉरंटी यांचा आग्रह धरावा. बिलाविना मिळणारी सवलत दुरुस्तीच्या वेळी महाग पडते. यातील काही लेन्स आता वापरलेल्या स्थितीतच सहज मिळतात. अशी लेन्स घेताना विजेरीच्या उजेडात आत जाळीसारखी बुरशी आहे काय, झूमची कडी अडखळते काय, हे तपासावे आणि आपल्याच कॅमेऱ्यावर लावून काही छायाचित्रे घ्यावीत.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणा लेन्सचा मोठा शत्रू आहे. चामडी पिशवीत महिनोन् महिने पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरेशी आहे. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राहील असे पाहावे आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा ठेवावे. लेन्सच्या खर्चात या डब्याचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. जुनी किट लेन्सही त्याच डब्यात ठेवावी. विकायला काढली तर तिचे फारसे पैसे येत नाहीत, पण नवी लेन्स दुरुस्तीला गेली तर कॅमेरा बंद पडून राहत नाही.