सेकंदाला ३६० फ्रेम आणि तेवढा उजेड

फोटो-सोनिक्स ४ईआर हा ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा सेकंदाला ३६० फ्रेमपर्यंत जातो. त्या वेगाला दर सेकंदाला साडेबावीस फूट फिल्म गेटमधून जाते. ती सरळ धावतही नाही. प्रत्येक फ्रेमला थांबते, पिनांवर घट्ट बसते, उजेड घेते आणि मग पुढे सरकते. १००० फुटांचं मॅगझिन ४४ सेकंदांत रिकामं होतं. तीच फिल्म २४ फ्रेमच्या नेहमीच्या गतीनं पडद्यावर दाखवली, तर ११ मिनिटं पुरते. दुधाचा उसळलेला थेंब, फुटणारी काच, बॉक्सरच्या गालावरून उडणारा घाम अशा दृश्यांसाठी हे यंत्र बांधलेलं आहे.

बघणारे कॅमेऱ्याच्या वेगाचं कौतुक करतात. माझ्या मते त्या कौतुकाचा मोठा वाटा लाइटमन आणि गॅफर यांचा आहे. फिल्म पळवणं हे मोटरचं काम. पळणाऱ्या फिल्मवर चित्र उमटवायला उजेड लागतो, आणि तो माणसांनी उभा करावा लागतो.

हिशेब मांडून पाहू. नेहमीच्या चित्रीकरणात, सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर असलं, की प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड मिळतो. ४ईआरचं शटर जास्तीत जास्त १२० अंश उघडतं. म्हणजे ३६० फ्रेमला प्रत्येकीच्या वाट्याला १/१०८० सेकंद येतो. उजेड साडेबावीस पट कमी, जवळपास साडेचार स्टॉपची तूट (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ५०० एएसएची फिल्म घेतली आणि लेन्स एफ/८वर ठेवली, तर वस्तूवर सुमारे ३९ हजार लक्स हवेत. एफ/८ची चैन कशाला, असं वाटेल. पण थेंब जवळून टिपताना फोकसची खोली इतकी कमी उरते की लेन्स उघडी ठेवून चालतच नाही. त्यात चित्र वस्तूच्या मूळ आकाराएवढं घ्यायचं तर लेन्स फिल्मपासून लांब सरकते आणि आणखी दोन स्टॉप जातात. आता हवेत दीड लाखाहून जास्त लक्स. भर दुपारचं थेट ऊनही साधारण एक लाख लक्सचं असतं. स्टुडिओतल्या एका टेबलावर, तळहाताएवढ्या जागेत, सूर्याहून जास्त उजेड ओतायचा आहे.

नुसता जास्त उजेड असूनही भागत नाही, तो स्थिरही लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा किंचित मंद आणि तेज होतो. १/४८ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये अशी दोन आवर्तनं मावतात, त्यामुळे फरक झाकला जातो. ३६० फ्रेमला मात्र एक आवर्तन साडेतीन फ्रेमहून जास्त काळ पसरतं. एका फ्रेमला दिव्याचा जोर मिळतो, पुढचीला त्याची उतरती कळा. पडद्यावर हाच फरक सेकंदाला सहा-सात वेळा धडधडताना दिसतो आणि शॉट वाया जातो.

यावरचे उपाय मला फार आवडतात, कारण ते सेटवरच्या अनुभवातून आलेले आहेत. पहिला उपाय मोठ्या दिव्यांचा. टेन-के किंवा ट्वेंटी-के टंगस्टन दिव्याची तार जाड असते, तिला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून उजेड फारसा हलत नाही. छोटे बल्ब त्याच गतीला लुकलुकतात. दुसरा उपाय थ्री-फेज विजेचा. तीन सारखे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर जोडून एकाच जागी रोखायचे, म्हणजे एक मंदावतो तेव्हा दुसरे दोघे तूट भरतात. मात्र तिघांची दिशा जवळजवळ एक हवी, नाहीतर सावल्या तीन पडतात आणि प्रत्येक आपापल्या तालात थरथरते. आर्कवर चालणाऱ्या एचएमआय दिव्याला वीज पुरवणारा जुना चुंबकीय बॅलास्ट असेल तर तो या कामाला निरुपयोगी. इलेक्ट्रॉनिक बॅलास्टच लागतो, आणि वेग फार वाढला की आतला आर्क स्वतःच हलताना दिसू शकतो. उन्हात शूट केलं तर ही कटकट नाही.

एवढ्या दिव्यांखाली आइस्क्रीम उभं राहत नाही. म्हणून थंड पेयांच्या जाहिरातीत बर्फ बहुधा ॲक्रिलिकचा असतो. दिवे पूर्ण जोरावर आणायचे ते टेकच्या आधी काही क्षण. फ्रेम ठरेपर्यंत समोर दुसराच ग्लास ठेवलेला असतो.

अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. शटर अधिक जलद करण्याऐवजी त्यांनी उजेडच क्षणभराचा केला. स्ट्रोबचा लखकारा शटरच्या एक्स्पोजरहूनही कितीतरी थोडा वेळ टिकतो, त्यामुळे हलती वस्तू धारदार उमटते आणि तापतही नाही. त्यांच्या कामावरच्या ‘क्विकरन अ विंक’ या १९४० सालच्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. पुढे युनिलक्सचे स्ट्रोब कॅमेऱ्याच्या शटरशी जोडून जाहिरातपटांत वापरले गेले. पाण्याचा प्रत्येक कण त्यांत सुटा दिसतो. चेहऱ्यासाठी किंवा कापडाच्या लहरीसाठी मी ते निवडणार नाही, तिथे थोडी धूसर हालचालच डोळ्याला खरी वाटते.

हजारो फ्रेमच्या वेगाला फिल्म थांबवणं अशक्य होतं, ती फाटते. म्हणून बेल लॅबोरेटरीजमध्ये निघालेल्या फास्टॅक्समध्ये फिल्म अखंड धावते आणि फिरता काचेचा लोलक प्रतिमेला तिच्या सोबत नेतो. टेलिफोनच्या रिलेचे संपर्क जुळताना कसे उसळतात, असले प्रश्न त्याला सोडवायचे होते. १०० फुटांच्या रिळातला बराच भाग वेग पकडण्यातच संपतो. वेग बदलतो तसं एक्स्पोजरही बदलतं, म्हणून सुरुवातीची फिल्म जास्त उजळ निघते आणि महत्त्वाची घटना रिळाच्या शेवटाकडे घडवून आणावी लागते.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं. त्यांना बरेच दिवस काही क्षणांत मावायला हवे होते. इथे उलट, एक क्षण मिनिटभर ताणायचा असतो. काळाशी खेळ दोघांचाही, पण उजेडाची ही टंचाई त्यांच्या वाट्याला नव्हती.

आता फँटमसारखे डिजिटल कॅमेरे सेकंदाला हजाराहून जास्त फ्रेम घेतात आणि लुकलुक तिथल्या तिथे मॉनिटरवर दाखवतात. फिल्मच्या काळात ती लॅबमधून रशेस आल्यावर कळायची, तोवर सेट मोडलेला असायचा. म्हणून जाणता कॅमेरामन आधी त्याच दिव्यांवर, त्याच वेगाला थोडी फिल्म चालवून टेस्ट करायचा. फँटमलाही १००० फ्रेमला पाच स्टॉपहून जास्त उजेड लागतोच, आणि एलईडी पॅनल आणलं तर त्याचा ड्रायव्हर त्या वेगाला स्थिर राहतो का, हे शूटच्या आदल्या दिवशी तपासून घ्यावं लागतं.