भिंत नको, बेस हवा!

डीजे म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत, लेझर आणि छातीत बसणारा दणका. बरोबर ना? आम्ही खापरखेड्याची पोरं त्यातच वाढलो. वरात असो की विसर्जन, नाचून घरी आलं की रात्रभर कानात ‘कुंईं’ वाजायचं. आम्हाला वाटायचं, याचंच नाव मजा! ती कानातल्या नाजूक पेशींची तक्रार असते, हे फार उशिरा कळलं. माझ्या ओळखीचा एक जण वरातीत डीजे वाजवतो. वय फक्त २४. हल्ली फोनवर त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

पण डीजे म्हणजे नुसता दणका नाही. सोल, हाऊस आणि बेस एकत्र गुंफणारा एखादा सेट मोकळ्या मैदानात ऐकून बघा. सोल आलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायकीतून. अरेथा फ्रँकलिनचा आवाज आठवा. हाऊस जन्मलं शिकागोत. फ्रँकी नकल्स जिथे वाजवायचा, त्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून ते नाव पडलं. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. बेसचं मूळ जमैकात, किंग्स्टनच्या रस्त्यांवरच्या साऊंड सिस्टीममध्ये.

आणि हे सगळं परकंच आहे असं समजू नका. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच दहा राग डिस्को बीटवर बसवून अल्बम काढला होता. शिकागोतलं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं त्यानंतर पाच वर्षांनी!

चांगला डीजे सोलचा आवाज हाऊसच्या ठोक्यावर बसवतो. दोन गाण्यांचे बेस एकमेकांवर चढू देत नाही. एकाचा कमी करतो, मगच दुसऱ्याचा उघडतो. त्या क्षणभराच्या पोकळीनंतर बेस परत आला की पाय आपोआप हलतात. त्यासाठी भिंत लागत नाही.

उघड्यावर आणखी एक गंमत असते. थंडीच्या रात्री कोळशाच्या गाडीचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा येतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी अनुभवलंय. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज खाली वळतो आणि लांब जातो. बेस तर घराच्या भिंतीही ओलांडतो. म्हणजे तुमचा सेट आजारी आजोबांच्या खोलीतही वाजत असतो.

म्हणूनच निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कानाचं गणितही सोपं आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं!

तेव्हा यंदा गॅदरिंगच्या कमिटीत असाल, तर ‘किती बॉक्स आणणार?’ हे विचारू नका. ‘काय वाजवणार?’ हे विचारा. आणि इअरप्लग खिशात ठेवा. चोविसाव्या वर्षी ‘काय म्हणालास?’ विचारायची वेळ तुमच्यावर येऊ नये.