सातेरीची पहिली पेटी

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. या डोंगराळ भागात पेट्यांत नांदते ती सातेरी माशी. तिला अंधारी पोकळी आवडते, पण फार छेडलं तर अख्खी वसाहत पोळं टाकून निघून जाते. नवख्या मधमाशीपालकाने हा स्वभाव आधी ओळखायला हवा.

पेटी घरी आणायची ती दिवेलागणीनंतर, माश्या परतल्यावर. दाराला बारीक जाळी लावावी, चौकटी घट्ट बसवाव्यात. वाटेत पोळं तुटलं तर राणीमाशी चिरडू शकते.

घरी जागा आधीच ठरलेली असावी. सावली हवी, पाणी जवळ हवं. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. सकाळी दार उघडल्यावर माश्या पेटीकडे तोंड करून हेलकावे घेत उडतात. ठिकाण पाठ करत असतात त्या. म्हणूनच पेटी नंतर चार-पाच हातसुद्धा सरकवू नये, परतणाऱ्या माश्या जुन्याच जागी घोटाळत राहतात.

फुलोरा कमी असेल तर संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा. सारखं झाकण उघडून बघायचा मोह मात्र आवरायलाच हवा! पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत शिरत असतील, तर बहुधा राणी अंडी घालते आहे. पराग लागतो तो पिल्लांना.